रेतीवरची साय

माझी सगळी नोकरी पाणी गाळण्यात गेली, असं नव्या माणसाला सांगितलं की तो क्षणभर थांबतो आणि विचारतो, "म्हणजे कापडानं?" मी म्हणतो, नाही, रेतीनं. इथं बहुतेकांचा रस संपतो. ज्यांचा उरतो त्यांना मी खुर्ची देऊन बसवून घेतो, आणि मग आमच्या घरातले लोक एकेक करून आतल्या खोलीत निघून जातात. या वेळी संपादकांनी स्वतःहूनच लिहायला सांगितलंय. वाचकांना आतली खोली नाही, तेव्हा त्यांनी सांभाळून घ्यावं.

गोष्ट चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यातली. गडचिरोली तेव्हा चांद्यातच होतं, आम्ही सगळे मध्य प्रदेशात होतो, आणि आमचे साहेबलोक नागपूरला बसत. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, नुकतीच गेली होती. माझी पहिली नेमणूक झाली ते गाव नागभीडहून बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर. नाव लिहीत नाही. तिथली काही माणसं अजून माझ्याशी बोलतात, आणि त्यांनी बोलत राहावं अशी इच्छा आहे.

गावाबाहेर मोठा तलाव, पाळीवर मोहाची झाडं, खाली धानाच्या बांध्या. पाळीच्या पायथ्याशी दगडी बांधणीचे दोन रुंद, उथळ हौद. त्यांना गाव 'फिल्टर' म्हणे. तलावाचं पाणी या हौदांतल्या रेतीतून झिरपून एका विहिरीत उतरायचं, तिथून तेलाचं इंजिन ते उंच टाकीत चढवायचं, आणि टाकीतून चौकाचौकातल्या नळांना जायचं. या सगळ्याचा मी मुख्य, आणि माझ्या हाताखाली डोमाजी. डोमाजी मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचा, माझ्याहून पुष्कळ मोठा. व्हॉल्व फिरवायची लांब लोखंडी चावी तो खांद्यावर अशी टाकून चाले की अनोळखी माणसाला तो शिकारीला निघाल्यासारखा वाटे.

आता थोडं धंद्याचं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

लोकांना वाटतं, रेती म्हणजे चाळणी. घाण वर अडकते, पाणी खाली जातं. तेही होतंच, पण खरं काम वेगळंच असतं. रेतीवर काही दिवस पाणी उभं राहिलं की तिच्या अंगावर एक पातळ, बुळबुळीत थर धरतो. तापवलेल्या दुधावर साय धरते तसा. त्या सायीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि पाण्यातले रोगाचे जंतू ते फस्त करतात. रेती ही नुसती त्यांची बसायची जागा. साय फार जाड झाली की पाणी उतरायचं मंदावतं. मग हौद रिकामा करायचा, वरची जेमतेम नखभर रेती अलगद खरवडून काढायची आणि पुन्हा पाणी सोडायचं. आणि खरी गोम इथंच आहे. नवी साय धरेपर्यंत दोन-तीन दिवस जे पाणी खाली येतं, ते दिसायला काचेसारखं असतं, पण त्याचा भरवसा नसतो. ते सोडून द्यायचं असतं. भर उन्हाळ्यात, तहानलेल्या गावासमोर, चकचकीत पाणी नालीला सोडून द्यायचं. आमच्या धंद्यात याहून अवघड काम नाही. ब्लीचिंग पावडर नागपूरहून यायची, पण आमच्यापर्यंत पोचेस्तोवर तिचा दम गेलेला असायचा.

मी रुजू झालो तेव्हा तिथली पद्धत वेगळी होती. हौद चोंदला की चार बाया लावून कुदळीनं तो फूटभर उकरायचा. डोमाजीला या पद्धतीचा अभिमान होता.

"उकरलं का पानी कसं सपासप उतरते, बाबू," तो म्हणाला.

"उतरतं खरं. पण गाळलं जाऊन उतरतं का?"

त्यानं जरा विचार केला. "ते मले कोनी विचारलंच नाई आजवर."

उकरल्यामुळे वरचा चिखल खोल जाऊन बसला होता. त्या हिवाळ्यात आम्ही एकेका हौदाची सगळी रेती बाहेर काढली. जुनी धुतली, कमी पडली ती वैनगंगेतून आणली, चाळली, तीही धुतली. मूठभर रेती बाटलीत घालायची, वर पाणी, बाटली हलवून ठेवायची. पाणी गढूळ राहिलं की ती रेती पुन्हा धुवायची. बाया हसून बेजार. धान धुतात, डाळ धुतात, पण रेती धुणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. तेव्हापासून गावात माझं नाव 'रेतीबाबू' पडलं. ते चुकीचंही नव्हतं. माझ्या सदऱ्याच्या खिशात कायम रेती असे, आणि आमची ही कपडे धुताना जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

रेती बदलल्यावर पहिली तक्रार आली ती एका म्हाताऱ्या पेशकारांची. कोर्टातून निवृत्त झालेले. रोज सकाळी पितळी लोटा घेऊन फिल्टरवर येत.

"बाबू, आज पान्याले चव नाई."

"पाण्याला चव नसतेच, साहेब."

"काल होती."

त्यांचं खरं होतं. इतकी वर्षं ते चिखलाची चव घेत आले होते, ती गेल्यामुळे चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. मी त्यांना म्हटलं, सवय होईल. ते म्हणाले, या वयात नव्या सवयी लावून काय करायचं आहे.

उन्हाळा आला आणि माझी घमेंड उतरली. तलाव खाली गेला, पाणी तापलं आणि हिरवं पडलं. "तलाव पिकला," डोमाजी म्हणाला. ते हिरवं हौदावर येऊन बसे आणि महिना महिना चालणारा हौद आठवड्यात दम टाकी. एक खरवडून होतो न होतो तोच दुसरा चोंदे. त्यात भर पडली बैलांची.

वैनगंगेपलीकडच्या जंगलातून सागवान आणि बांबू घेऊन गाड्यांचे तांडे नागभीडच्या रेल्वेला जात आणि परतताना रिकाम्या गाड्या आमच्या तलावाकाठी सुटत. बैल सरळ पाण्यात शिरत, अगदी आमच्या पाइपाच्या तोंडाशी. खालचा गाळ ढवळून वर येई आणि तो हौदात. मी ओरडत पाळीवरून धावलो. तांड्याचा म्होरक्या लच्चूभाऊ पेंदाम, उंच, काळाभोर, डोक्याला लाल फडकं. तो मोहाखाली बसून चिलीम भरत होता. त्यानं मला पूर्ण ओरडू दिलं.

"बाबू, तलाव तुमचा हाये का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"माहा हाये का?"

"नाही."

"मंग बैलाले काऊन विचारून राह्यले?"

जंगलातून दिवसचे दिवस चालून आलेल्या जनावरानं पाणी प्यायचं तरी कुठं? मी फिल्टरवर परत आलो. नुकत्याच खरवडलेल्या हौदाचं स्वच्छ पाणी नालीत पडत होतं. डोमाजीनं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. माणसासाठी जे पाणी मला भरवशाचं वाटत नव्हतं, ते तलावातल्या पाण्याहून तर कितीतरी चांगलं होतं.

आम्ही दोघांनी नालीच्या तोंडाशी दगड-चुन्याची एक लांब हौदी बांधली. बैल तिथं पिऊ लागले. तलावात शिरायची त्यांना गरज उरली नाही, आणि उन्हाळ्यात खरवडणी इतकी वरचेवर चाले की हौदी कोरडी पडतच नसे. लच्चूभाऊनं पहिल्यांदा आपल्या गाडीच्या बैलाला पाणी पिताना पाहिलं, हौदीच्या काठावर हात फिरवला आणि म्हणाला, "बेस झालं." मग माझ्यासाठी मोहाच्या पानात बांधून मधाच्या पोळ्याचे चार तुकडे आणले. स्वतः मात्र ते पाणी त्यानं तोंडी लावलं नाही. हौदीचंच नाही, चौकातल्या नळाचंही नाही.

"लोखंडाच्या पोटातून आलेलं पानी मानसानं पेऊ नाई," तो म्हणे. नागभीडच्या वाटेवर एक कोरडा नाला होता. त्यात त्याच्या लोकांनी झिरा खणलेला होता, म्हणजे रेतीत हातभर खड्डा. त्यात साठणारं पाणी ते वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून आणत आणि तेवढंच पीत.

वैशाखात अण्णासाहेबांच्या मुलीचं लग्न निघालं. अण्णासाहेब नगरपालिकेचे अध्यक्ष, आणि मालगुजारी जाईपर्यंत गावाचे मालगुजार. तलाव त्यांच्या आजोबांनी खोदवलेला. माणूस तापट, पण दुष्ट नव्हे. लग्नाच्या आदल्या दिवशी नेमका एक हौद खरवडून झालेला होता आणि दुसरा जवळजवळ बंद पडला होता. नळांना धार राहिली नव्हती. आणि त्याच सकाळी डोमाजी बातमी घेऊन आला की तलावाच्या वरच्या अंगाला जी टोली आहे, पंधरा-वीस झोपड्यांची, तिथं पटकी लागली आहे. पटकी म्हणजे कॉलरा. टोलीतल्या लोकांची धुणी याच तलावात होत.

मी दवाखान्यातल्या कंपाउंडरला घेऊन टोलीवर जाऊन आलो, होती नव्हती ती ब्लीचिंग पावडर तिथल्या विहिरीत टाकली. दुपारी परत येतो तर अण्णासाहेब फिल्टरवर उभे. समोर हौदीत स्वच्छ पाणी पडत होतं आणि लच्चूभाऊच्या तांड्याचे बैल ओळीनं पीत होते.

"हे काय हाये, रेतीबाबू?" ते म्हणाले. "माह्या मांडवात घागरी पालथ्या, अन् इथी जंगलातले बैलं फिल्टरचं पानी पिऊन राह्यले?"

मी समजावू लागलो. त्यांनी डोमाजीचा लोटा उचलला, हौदीत पडणाऱ्या धारेखाली धरला आणि माझ्या डोळ्यांसमोर आणला.

"सांग मले, यात काय खराब दिसते?"

"दिसत नाही, अण्णासाहेब."

"जे दिसत नाई त्याच्यापायी मी वऱ्हाड तहानलेलं ठेवू? माह्या आज्यानं खोदलेल्या तलावाचं पानी माह्याच पोरीच्या लग्नात मागून आनू? डोमा, खोल व्हॉल्व. सोड ते विहिरीत."

डोमाजीनं खांद्यावरची चावी खाली घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. त्याची पंचाईत मला कळत होती. त्याचा बाप, त्याचा आजा याच घराच्या तलावात मासे धरून जगला होता. मलाही काही कमी भीती वाटत नव्हती. नोकरी नवी, संसार नवा, आणि समोरचा माणूस एका शब्दात मला नागपूरला परत पाठवू शकत होता. आवाज तेवढा कसा कोण जाणे स्थिर आला.

"टोलीवर पटकी आहे, अण्णासाहेब. मी आत्ताच पाहून आलो. हे पाणी मी गावात सोडणार नाही. तुम्हाला सोडायचंच असेल तर आधी मला काढा, मग दुसऱ्याच्या हातून खोलून घ्या."

बैलांच्या पिण्याचा आवाज तेवढा येत होता. अण्णासाहेबांचा चेहरा लाल झाला, आणि ते काही बोलणार तोच लच्चूभाऊ हौदीपासून उठून पुढं आला.

"मालक, लगनाले पानी कितीक लागते?"

अण्णासाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू झाडच बोललं.

"नाल्यात आमचा झिरा हाये," लच्चूभाऊ म्हणाला. "आनखी खनून देऊ. पिंपं द्या. गाड्या रिकाम्याच हायेत."

हातातला लोटा अण्णासाहेबांनी हौदीत उपडा केला आणि डोमाजीला म्हणाले, "आपल्या राइस मिलवरून पिंपं घेऊन ये." मग ते मांडवाकडे निघून गेले.

तो नाला टोलीपासून लांब, दुसऱ्याच अंगाला होता. तरीही मी आचाऱ्याच्या मागं लागून प्यायचं पाणी उकळून घेतलं. आचारी म्हणाला, पाणी शिजवायचं काम मी आजवर केलं नाही. पण केलं. उकळलेलं पाणी रांजणात निवत ठेवलं. दोन दिवस गाड्या नाल्यापासून मांडवापर्यंत फेऱ्या घालत होत्या, लाकडाच्या ठेकेदाराच्या शिव्या खाव्या लागणार हे माहीत असूनही. लग्न लागलं. शेवटच्या पंगतीत गाडीवान बसले तेव्हा बुंदीचं ताट घेऊन अण्णासाहेब स्वतः वाढायला आले. लच्चूभाऊपुढं थांबून त्यांनी विचारलं, "तुले काय पाह्यजे, सांग."

"मले काही नाई," तो म्हणाला. "रेतीबाबूले विचारा. थो कईपासून कागदावर नाली काढून राह्यला."

त्यानं ते केव्हा पाहिलं होतं कोण जाणे. माझ्या डोक्यात बरेच दिवस एक चर होता. तलाव आणि हौद यांच्यामध्ये लांब चर खणायचा, त्यात आधी मोठे गोटे, मग मधले, मग बारीक, असे भरायचे. तलावाचं पाणी त्यातून सावकाश सरपटत यायला हवं. हिरवं आणि गाळ गोट्यांत अडकून राहील आणि हौदांवरचं ओझं कमी होईल. नागपूरला मी कळवलं होतं. विचार चालू आहे असं उत्तर आलं होतं. अण्णासाहेबांनी ऐकलं आणि मिलवरची माणसं खणायला दिली. त्या दुपारबद्दल ते पुढं कधीही बोलले नाहीत, पण तेव्हापासून मला 'अहो' म्हणू लागले.

चर झाला, पण भरायला गोटे कुठले? ते लच्चूभाऊच्या नाल्यात होते. त्याच्याबरोबर झिरा पाहायला गेलो तेव्हा पाहिलं, पुरानं ते आपणहून निवडून ठेवले होते. वरच्या अंगाला नारळाएवढे, खाली सुपारीएवढे. मी वाकून हातात घेऊ लागलो.

"रेती सरली का, बाबू?" तो हसला. "आता गोटे?"

पण समजलं तसं त्यानं तांड्याला सांगितलं. नागभीडहून परतणारी प्रत्येक रिकामी गाडी नाल्यात थांबायची, गोटे भरायची, आमच्या चराशी रिकामी करायची. बाया ते धुऊन, निवडून, लावून घेत. रेती धुतलेल्या बायांना आता कशाचंच हसू येत नव्हतं. पाऊस पडेपर्यंत चर भरला होता.

गावात पटकी आली नाही. मी व्हॉल्व खोलला असता तर आली असती का, मला माहीत नाही. तसं छातीठोक सांगणारा माणूस आमच्या धंद्यातला नव्हे. टोलीवर मात्र माणसं गेली. त्यांना नळ नव्हता. ते तलावाचं आणि त्या एका विहिरीचं पाणी पीत. आमची पाइपलाइन गावाच्या वेशीवर संपत होती, आणि ती टोलीपर्यंत न्यायला पुढं किती वर्षं गेली! माझी तिथून बदली झाल्यावर कधीतरी ती तिथं पोचली, असं ऐकलं. फिल्टर सुधारल्याचं कौतुक मी पुष्कळ ऐकून घेतलं, पण ते पाणी ज्यांच्यापर्यंत पोचलंच नाही त्यांची आठवण त्या कौतुकाच्या आधी येते.

पुढच्या उन्हाळ्यात तलाव पुन्हा पिकला. चराच्या तोंडाशी पाणी गर्द हिरवं, आणि दुसऱ्या टोकाला फिकट, जवळजवळ नितळ. मी आणि डोमाजी लहान पोरांसारखे या टोकापासून त्या टोकाला चालत होतो. हौद आता आठवड्यात नव्हे, महिन्याहून अधिक चालू लागले. खरवडणी क्वचित, सोडून द्यायचं पाणी क्वचित. पेशकारसाहेब लोटा घेऊन आले, प्यायले आणि काही बोलले नाहीत. मी ती शाबासकी समजलो.

आणि मग एका दुपारी लच्चूभाऊचा तांडा आला. बैल सवयीनं हौदीकडे गेले. हौदी कोरडी ठणठणीत. तळाला मोहाची पानं पडलेली.

खरवडणीच नाही तर सोडून द्यायचं पाणी कुठून येणार? इतका साधा हिशेब मला सुचला नव्हता. बैल हौदीच्या काठावर मान ठेवून उभे होते.

"बाबू," लच्चूभाऊ म्हणाला. रागावला नव्हता. त्यामुळे जास्तच लागलं. "गोटे आमी आनले, अन् पानी आमचंच गेलं?"

मी तसाच अण्णासाहेबांकडे गेलो. ते जेवत होते. मी उभ्यानंच सांगितलं की टाकीच्या पाइपातून एक नळ हौदीवर काढायचा आहे. चांगल्या पाण्याचा, गावाला देतो त्याच पाण्याचा.

"बैलाले?" त्यांनी विचारलं.

"बैलाले," मी म्हणालो. त्या घाईत माझ्या तोंडून त्यांचीच भाषा निघाली.

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "मंग इथी काऊन उभे आहात?" ते म्हणाले. "जा, काढा."

पाइपाचा तुकडा होताच. डोमाजीनं सांधा जोडला, संध्याकाळच्या आत नळ हौदीवर आला. पाणी भरू लागलं तसे बैल पुढं सरकले. लच्चूभाऊ बाजूला उभा राहून पाहत होता. बैलांचं पिऊन झालं, त्यांनी माना वर केल्या, नाकावरून थेंब गळत होते. मग तो नळाजवळ आला. फडक्यानं त्यानं हात पुसले, वाकला, आणि ओंजळ नळाखाली धरली.

डोमाजी काही बोलणार होता. मी त्याचा हात दाबला.

"वर्षभर बैलं पेले," लच्चूभाऊ आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला. "त्याइले काही नाई झालं. आता मी पिऊन पाह्यतो."

तो पुष्कळ प्याला. उठला, मिशा पुसल्या, तोंडात चव घोळवली.

"बरं हाये," तो म्हणाला. "पन झिऱ्यासारखं थंडं नाई."

मग गाड्यांकडे तोंड करून त्यानं गोंडीत काहीतरी हाक दिली. गाडीवान एकेक करून खाली उतरले, हौदीपाशी आले, आणि तेवढ्यात मागून आलेल्या दुसऱ्या तांड्याचे बैल पाण्याला लागले होते म्हणून त्यांच्या मागं, आपली पाळी येईस्तोवर, ओळीनं उभे राहिले.